वन्सं आणि मिटलेले डोळे

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांची ओळख करून दिली. "हे तुझे सासरे. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे यांच्यासमोर कुठल्याही गोष्टीला 'साधारण एवढं' म्हणायचं नाही. हा तुझा नवरा, याला तू ओळखतेसच. आणि वरच्या खोलीत आमची थोरली. ती कॉम्प्युटरवर असते."

एखाद्याचा मुलगा बोटीवर असतो, तशी यांची मुलगी कॉम्प्युटरवर. मी समजल्यासारखी मान हलवली.

थोरली म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. चाळिशीला आलेली, उंच, खांदे जरा पुढे झुकलेले, आणि अंगात बारा महिने एकच काळं जाकीट. त्याच्या खिशांतून कसल्यातरी वायरींची टोकं कायम बाहेर डोकावत असायची. बोलणं मोजकं. सासूबाईंनी "आमटी कशी झालीय?" विचारलं, तर उत्तर येई, "गरम."

मी त्यांना 'वन्सं' म्हणायला लागले, ते खरं तर थट्टेनं. हा शब्द आता कोण वापरतं? पण तो पहिल्यांदा कानावर पडला, तेव्हा त्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

"वन्सं."

"छान आहे. जुन्या मशीनचं नाव वाटतं." आणि हेडफोन परत कानांवर गेला. तेव्हापासून मी त्यांना दुसऱ्या कशानं हाक मारलेली नाही.

पहिल्यांदा त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले, तेव्हा कप हातातून सुटता सुटता राहिला. समोरच्या भिंतीवर माझे सासरे जांभई देत होते. भिंतीएवढे. मांडीवर वर्तमानपत्र, आणि तोंड हळूहळू, फार हळूहळू उघडत चाललेलं. ती जांभई इतकी संथ होती, की संपायची वाट बघता बघता मलाच दोन जांभया आल्या.

"बाबांना माहीत आहे हे?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही."

"पण हे आहे काय?"

"काम," वन्सं म्हणाल्या आणि चहा घेतला.

हे काम नक्की काय, हा घरातला जुनाच प्रश्न होता. वन्सं कॅमेरा, प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर वापरून कलाकृती करतात. भिंतीवर, पडद्यावर चित्रं हलतात, बघणारा जवळ आला की बदलतात, कधी आवाज करतात. हे मला आता एका दमात सांगता येतं, पण तेव्हा घरात कुणालाच येत नव्हतं. नातेवाइकांनी तर सोपा अर्थ लावला होता. जी कॉम्प्युटरवर असते, तिला सगळी यंत्रं दुरुस्त करता येत असणार. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी बिघडलेलं घेऊन येई. मोबाइल, रिमोट, एकदा तर मिक्सरसुद्धा. एका आतेसासऱ्यांना वन्संनी एकदा स्पष्टच सांगितलं, "काका, मी कलाकार आहे." त्यांनी मायेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे गं. त्यात काय एवढं. तू आधी हा प्रिंटर बघ." वन्संनी प्रिंटर बघितला. तो चालूही झाला, हे त्यांचं दुर्दैव.

सासऱ्यांची अडचण वेगळी होती. जन्मभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले होते, आणि जिचं वजन करता येत नाही अशा गोष्टीवर त्यांचा पटकन विश्वास बसत नसे. एकदा त्यांनी वन्संचा पेनड्राइव्ह तळहातावर घेतला. "तुझं सगळं काम यात मावतं?"

"हो."

"आणि हा रिकामा असतो तेव्हा वजन किती?"

"तेवढंच, बाबा."

सासरे कितीतरी वेळ हाताकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तो पेनड्राइव्ह टेबलावर असा अलगद ठेवला, जणू त्यातलं काही सांडेल. पुढे आठवडाभर ते जरा खिन्न होते.

पोटापाण्यासाठी वन्सं एका फोटो स्टुडिओत जात. चित्रकलेचं शिक्षण घेतल्यापासून तिथेच. स्टुडिओवाले काका म्हणजे गोल चेहऱ्याचे, घाईघाईनं बोलणारे गृहस्थ. ते लग्नाचे, वाढदिवसांचे, निरोप समारंभांचे फोटो काढत, आणि ते सुधारायचं काम वन्संकडे असे. त्यातलं मुख्य काम डोळे उघडायचं. वीसजणांचा गट उभा केला की कुणाचा तरी डोळा मिटतोच. मग दुसऱ्या फोटोतला त्याचा उघडा डोळा उचलायचा आणि इथे बसवायचा. वन्संचा त्यात हातखंडा होता. शिवाय इतर कामंही असत. लग्नाला न आलेल्या काकूला मागच्या रांगेत उभं करणं. भांडण झालेल्या जावयाला काढून टाकून त्याच्या जागी कुंडी ठेवणं. एका घरातला जावई वर्षभरानं परत गोडीत आला. त्याला आत घेतला, पण कुंडी सासूला आवडली होती म्हणून तीही राहिली. आता त्या फोटोत तो कुंडीमागून डोकावताना दिसतो.

तर हे डोळे उघडताना वन्सं एक करत. मिटलेल्या डोळ्यांचा मूळ चेहरा फेकून न देता एका फोल्डरमध्ये ठेवत. काकांनी एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, लोक मला हे नको म्हणून पैसे देतात. तू साठवतेस कशाला?"

"यात कुणी फोटोसाठी चेहरा केलेला नाही," वन्सं म्हणाल्या. "घेऊ का मी?"

"घे बाई. कचराच आहे."

मग वरच्या खोलीचं दार बरेच महिने बंद राहिलं. आतून अधूनमधून "नाही" असा एकच शब्द ऐकू येई. अखेर एका रविवारी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. भिंतभर चेहरे होते, म्हातारे, तरुण, नटलेले, घामेजलेले, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. नुसते चेहरे एकेक बघितले असते तर हसू आलं असतं. पण इतकी माणसं एकदम डोळे मिटून समोर उभी राहिली, की आपण कुणाच्या तरी झोपेत शिरलोय असं वाटतं. जमिनीवर चिकटपट्टीची फुली होती. वन्संनी मला तिच्यावर उभं केलं.

"बघ."

मी बघितलं. बराच वेळ बघितलं. "काही होत नाहीये, वन्सं."

"झालं की."

"कधी?"

"आत्ताच. पुन्हा झालं."

मी डोळे फाडून बघत राहिले. काही नाही. मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी खाली हाक मारून भावाला वर बोलावलं, त्याला फुलीवर उभं केलं आणि मला बाजूला ओढलं. "आता याच्याकडे बघू नकोस. भिंतीकडे बघ."

माझ्या नवऱ्याची पापणी लवली, आणि तेवढ्या क्षणात भिंतीवरच्या सगळ्या माणसांनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. त्याची पापणी वर झाली, तसे त्या सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. मी एक पाऊल मागे सरले.

"काय झालं?" नवरा विचारत होता. "मला काहीच दिसलं नाही."

"तुला दिसणार नाही," वन्सं म्हणाल्या. "तेच काम आहे."

वर बसवलेला छोटा कॅमेरा बघणाऱ्याच्या पापण्यांवर नजर ठेवत होता. माणसानं डोळे मिटले, की भिंत उघडणार. म्हणजे आपल्याकडे कोण बघतंय ते आपल्याला कधीच दिसायचं नाही, शेजारी उभ्या असलेल्याला दिसेल. कलाकृतीचं नाव त्यांनी ठेवलं 'पापणी लवते न लवते तोच'. सासूबाई म्हणाल्या, "एवढं लांब कशाला? नुसतं 'डोळे' ठेव. लोकांना जेवायलाही जायचं असतं."

शहरातल्या कलादालनाला हे काम पसंत पडलं, पण त्यांनी एक अट घातली. भिंतीवरच्या प्रत्येक माणसाची परवानगी हवी. वन्संना यंत्रांची भीती नव्हती, पण माणसांच्या दाराची घंटा वाजवायची म्हटलं की त्या जिन्यातूनच मागे वळत. "वहिनी, तू चल," त्या म्हणाल्या. "तू शाळेत शिकवतेस. तुला लोकांना काय काय सांगायची सवय आहे." लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. मी गेले.

आमची रीत ठरली. बोलायचं मी, आणि वन्संनी मोबाइलवर परवानगी देणाऱ्याचं छोटं चित्रण करायचं. "माझा डोळे मिटलेला फोटो लावायला माझी हरकत नाही," एवढंच म्हणायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच घरी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वाक्य खणखणीत म्हटलं, चित्रण मागून बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "यातही माझे डोळे मिटलेत. पुन्हा घ्या." पुन्हा घेतलं. पुन्हा मिटले. शेवटी त्यांनी बोटांनी पापण्या वर धरून हरकत नसल्याचं सांगितलं.

एका घरी नवरा-बायको दोघांचेही चेहरे होते. बाईंनी फोटो निरखला. "यांचे डोळे लग्नाच्या दिवशीच मिटलेले होते, हे मला आत्ता कळतंय." नवरा आतून म्हणाला, "उघडे असते तर?" पुढचं ऐकायला आम्ही थांबलो नाही, परवानगी मात्र जिन्यातच घेतली. दुसऱ्या एका जोडप्याची तोवर फारकत झाली होती. तिची हरकत नव्हती, पण तिला तो शेजारी नको होता. त्याचीही हरकत नव्हती, पण त्याला वरची रांग हवी होती. वन्संनी दोघांना भिंतीच्या दोन टोकांना नेलं. मग लक्षात आलं, की आता ते थेट एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. पुन्हा बदललं.

एका दारात एक बाई उभी राहिली. फोटो तिच्या वडिलांचा होता. "बाबा गेले मागच्या वर्षी," ती म्हणाली. "चालेल लावलात तर. फोटो काढायचा म्हटलं की ते हमखास पापणी पाडायचे. आई रागवायची." तिनं वन्संच्या मोबाइलकडे बघून वाक्य म्हटलं, आणि आम्हाला आग्रहानं पाणी देऊन पाठवलं.

उद्घाटनाला आमचं सगळं घर हजर होतं. स्टुडिओवाले काका इस्त्रीचा कोट घालून आले आणि भिंत बघताच खांबामागे गेले. "माझी सगळी गिऱ्हाइकं आहेत," ते कुजबुजले. "मला बघतायत."

"काका, त्यांचे डोळे मिटलेत."

"म्हणून तर जास्त भीती वाटते."

प्रमुख पाहुणे होते कलादालनाच्या मंडळाचे वयोवृद्ध अध्यक्ष. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा. ते काठी टेकत आले, फुलीवर उभे राहिले, आणि भिंतीवरच्या साऱ्या माणसांनी खाडकन डोळे उघडले. उघडले ते मिटेचनात. सगळी भिंत अध्यक्षांकडे टक लावून बघत होती.

लोकांमधून एक मोठा सुस्कारा गेला. वन्संनी माझा दंड धरला. "चष्मा," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "कॅमेऱ्याला त्यांचे डोळे दिसत नाहीत. त्याला वाटतंय, मिटलेलेच आहेत."

"काढायला सांगू का?"

"नको. डॉक्टरांनी नको म्हटलं असेल."

तोवर अध्यक्षांना गहिवरून आलं होतं. काळ्या काचांमागचे त्यांचे डोळे चांगले उघडे होते, आणि स्वतःकडे बघणारी ती भिंत उघड्या डोळ्यांनी पाहिलेले त्या दिवसापर्यंतचे ते एकटेच होते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? ते म्हणाले, "जन्मभर भाषणं केली. समोरचे डोळे मिटताना खूप पाहिले. उघडताना आज पहिल्यांदा पाहतोय." आणि मग ते बोलत सुटले. कुणी मधेच त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं. ते सरकले, भिंत मिटली. ते परत आले, भिंत उघडली. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी हे पुन्हा केलं, मग आणखी एकदा, आणि ते दमल्यावर त्यांच्यासाठी फुलीवर खुर्ची आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात समीक्षकांनी लिहिलं, की सामान्य माणूस समोर आला तर समाज डोळे मिटून घेतो आणि अधिकारी आला की उघडतो, हे या कलावतीनं विलक्षण धारदारपणे दाखवलं आहे. वन्संनी ते दोनदा वाचलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "मला सुचायला हवं होतं."

पण मनातून त्या अस्वस्थ होत्या. चूक ती चूक. सकाळीच जाऊन त्यांनी कोड दुरुस्त केला. आता काळा चष्मा घातलेल्यापुढे भिंत मिटलेलीच राहणार होती. त्याच संध्याकाळी अध्यक्ष आपल्या बायकोला घेऊन आले. "आता बघ," ते तिला म्हणाले, आणि फुलीवर ताठ उभे राहिले. भिंत ढिम्म. त्यांनी घसा खाकरला. एक पाऊल बाजूला जाऊन परत आले. मग हळूच बायकोला म्हणाले, "काल बघत होते."

"हो हो," त्या समजुतीनं म्हणाल्या. "बसायचं का जरा?"

वन्सं पडद्यामागे गेल्या. मीही गेले. त्या लॅपटॉपसमोर ओठ चावत बसल्या होत्या. "वहिनी, काम बरोबर चाललंय," त्या म्हणाल्या. "आणि हे बरोबर वाटत नाहीये."

"मग?"

त्यांनी सकाळची दुरुस्ती काढून टाकली. बाहेरून अध्यक्षांच्या बायकोचा आवाज आला, "अगं बाई." ही चूक त्यांनी पुढे कधीच सुधारली नाही. गावभर बातमी पसरली आणि लोक गॉगल लावून येऊ लागले. कलादालनाच्या दारातला पहारेकरी, ज्याचा स्वतःचा गॉगल होता, तो फार लोकप्रिय झाला.

सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन बसायची, आलेल्यांना काय करायचं ते सांगायला. एकदा ती बाई आली, वडील गेलेली. फुलीवर उभी राहिली, वडिलांकडे बघत राहिली, आणि तशीच वळून निघाली. मी तिच्यामागे धावले. "इथे बाजूला उभ्या राहा," मी म्हटलं, आणि फुलीवर उभी राहून डोळे मिटले, उघडले. ती भिंतीकडे एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "पुन्हा कराल?"

मी पुन्हा केलं. तिनं आणखी एकदा म्हटलं. शेवटी तिला म्हटलं, सांगेपर्यंत मिटूनच ठेवते. त्या अंधारात मला तिचं बोलणं ऐकू येत होतं, हळू आवाजातलं, माझ्यासाठी नसलेलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "झालं." मी डोळे उघडले तर घट्ट मिटून मिटून त्यांना पाणी आलेलं. तिला वाटलं मी रडतेय. तिनं पर्समधून रुमाल काढून मला दिला, आणि मीही तो घेतला. घरी आल्यावर वन्संना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जाकिटाचे खिसे चाचपले, आणि म्हणाल्या, "कॅमेरा थोडा खाली घ्यायला हवा. तू बुटकी आहेस." मग जिन्यात थांबून, मागे न बघता, "बरं केलंस."

सासऱ्यांनी प्रदर्शन संपायच्या दिवशी एकट्यानं जाऊन बघितलं. स्वतः फुलीवर उभे राहिलेच नाहीत. दुसऱ्यांच्या पापण्या लवताना बघत संध्याकाळपर्यंत बाकावर बसले. घरी येऊन जेवताना म्हणाले, "यंत्राला किंचित उशीर होतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत जास्त."

वन्संचा घास थांबला. "हो. मला वाटलं होतं कुणाला कळणार नाही."

"माझ्या खात्यात असतीस तर मी तुला नापास केलं असतं," ते म्हणाले, आणि भात वाढून घेतला. थोड्या वेळानं परत म्हणाले, "पण दंड नसता केला." या घरात याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

त्यानंतर ते काम बऱ्याच शहरांत फिरलं. वन्संनी स्टुडिओ सोडला. काकांनी त्यांना निरोप दिला आणि गटाचा फोटो काढला. त्यात वन्संचे डोळे मिटलेले आहेत, आणि ते कुणीही उघडलेले नाहीत. काकांकडे आता अधूनमधून असंही गिऱ्हाईक येतं, जे म्हणतं, "आमचा डोळे मिटलेला काढा, तो नवीन प्रकार आहे ना." काकांना ते अजिबात जमत नाही. मिटायला सांगितलं की लोक डोळे उघडतात, असं ते वैतागून सांगतात.

सध्या वन्संनी नवीन काम काढलंय. फोन ठेवताना माणसं काय बोलतात, ते त्या गोळा करतायत. "ठेवू?" "हं, ठेव." "बरं, ठेवते मग." "ठेव ठेव. आणि ऐक ना." सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण यांचं नुसतं 'ठेवते' एका वेळी अर्धा तास चालतं, म्हणून वन्संनी परवानगी घेऊन फोनशेजारी एक छोटा माइक बसवला. सासूबाईंना त्याचं फार दडपण आलं. काल बहिणीचा फोन आला, तर त्यांनी "हॅलो, मी बरी आहे, ठेवते" म्हणून खटकन ठेवला. दहा मिनिटांत मावशी रिक्षा करून दारात. "काय झालंय? कुणाला बरं नाहीये? मला सरळ सांग."

सासूबाईंनी माइककडे बोट दाखवलं. मावशीनं तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, आणि वर जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "थोरले, हे बंद कसं करायचं गं?"

"नका करू, मावशी," वरून वन्संचा आवाज आला. "बोला तुम्ही."

मग दोघी बहिणी माइकच्या दोन बाजूंना बसल्या आणि बोलू लागल्या. मावशी "निघते आता" म्हणाल्या तेव्हा चार वाजले होते. दिवेलागण झाली तरी त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या.